थंड झाल्याशिवाय खवा मिळणार नाही

अयोध्यावहिनीला मी चिडलेलं पाहिलं ते एका कौतुकावरून.

आमचं गाव वाशी तालुक्यातलं, म्हशींचं आणि खव्याचं. कुणाच्या भट्टीवर काय चाललंय हे कळायला इथं डोळे लागत नाहीत, नाक पुरतं. त्यातली एक भट्टी माझ्या चुलत भावाची, बलभीमची. म्हणायला त्याची. तो शेत आणि म्हशी बघतो. भट्टी चालवतात त्याची बायको अयोध्या आणि आई धुरपदाबाई. माझी पिकअप आहे. गावातला खवा उचलून येरमाळ्याला कृष्णराज शेठच्या दुकानी पोचवायचा, हा माझा रोजचा धंदा.

त्या सकाळी मी खवा न्यायला गेलो तेव्हा शेजारच्या भट्टीवरची रुद्रम्मा वहिनीच्या लेकीकडे, वैष्णवीकडे बघून म्हणाली, "खवा लई अंगी लागला गं पोरीच्या. दुसरीतली पोर पाचवीतली वाटायली."

धुरपदाबाईंचा चेहरा असा फुलला की जणू बक्षीस मिळालं. वहिनीनं मात्र उलथनं कढईच्या काठावर आपटलं. "लागला न्हाय काकू. काय तरी बिघडलंय. दिवाळीचा फ्रॉक संक्रांतीला होईना, ह्याला काय वाढ म्हणायची?"

रुद्रम्मा हिरमुसली. मीही मनात म्हटलं, बाईचं डोकं फिरलं. पोर वाढतेय तर रडायचं काय?

खव्यावर वाढलेलं पोर उंच आणि गुटगुटीत असणार, हे आमच्याकडं सगळे धरूनच चालतात. खवा काढून घेतला की कढईच्या तळाला खरपूस खरवड उरते. तिच्यावर भट्टीच्या पोरांचा हक्क, हा गावाचा कायदा. धुरपदाबाई ती वाफाळती असतानाच पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत भरायच्या, गाठ मारायच्या आणि नातीच्या दप्तरात ठेवायच्या. मधल्या सुट्टीपर्यंत मऊ राहते म्हणून. विकायच्या खव्याचंही तेच. कढईतून थेट पिशवीत, लगेच गाठ. वाफ अडकते, खवा ओलसर राहतो, आणि दुकानात शेठ पिशवीवर तळहात ठेवून बघतो. गरम लागला तर आजचा, थंड लागला तर कालचा. बाजारात ताजेपणाची हीच परीक्षा. माझ्या गाडीच्या हौद्यात खवा इतका गरम असायचा की हिवाळ्यात मी हात शेकून घ्यायचो.

वहिनीनं कुणाचं ऐकलं नाही. "दवाखान्यात न्यायचीच," म्हणून बसली. मीच गाडी घेतली. लातूरला लहान मुलांच्या ग्रंथींचे आजार बघणाऱ्या एक डॉक्टरबाई आहेत. त्यांनी वैष्णवीच्या हाताचा एक्सरे काढायला लावला, रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, "हिचं वय सात, पण हाडं दहा वर्षांच्या मुलीची झालीत. शरीर फार लवकर वयात यायला लागलंय. असंच चालू राहिलं तर वर्षभरात पाळी येईल आणि उंचीही लवकर थांबेल."

वहिनी रडली नाही, म्हणाली, "माझी पोर अजून बाहुलीची लगनं लावती, बाई. तिला आता कापड घ्यायला शिकवू का? तिचं लहानपण मला पायजे. काय करायचं ते सांगा."

डॉक्टरबाईंनी सांगितलं की दर महिन्याला एक इंजेक्शन देऊन हे रोखून धरता येतं, योग्य वय झाल्यावर बंद करायचं. मग त्यांनी घरातलं सगळं विचारलं. काय खाता, कशात ठेवता, फवारणीचे कपडे कुठं धुता, पोरीला पावडर-अत्तर कुठलं लावता. खरवडीच्या पिशवीपाशी त्या थांबल्या.

"शरीरातल्या ग्रंथी रक्तातून निरोप पाठवतात, आता वाढ, आता थांब," त्या म्हणाल्या. "काही रसायनं त्या निरोपांत ढवळाढवळ करतात. काही प्लॅस्टिकमध्ये, काही फवारणीच्या औषधांत असतात. गरम आणि तुपकट पदार्थात प्लॅस्टिकमधली जास्त उतरतात. या स्वस्त पिशव्यांत काय काय असतं ते तर कुणीच सांगत नाही."

मला ते असं समजलं: शाळेची घंटा भलत्यानंच वाजवायची आणि पोरांनी वेळेआधी दप्तर उचलायचं.

"म्हणजे त्या पिशवीनं झालं?" वहिनीनं विचारलं.

"तसं मी म्हणणार नाही. बऱ्याच मुलींत नेमकं कारण सापडतच नाही. पण जे टाळता येतं ते टाळा."

वहिनीला एवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी तिनं घरातल्या पिशव्या, लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या, फवारणीच्या औषधाचा कॅन धुऊन त्यात ठेवलेलं पाणी, सगळं अंगणात आणून ओतलं. बलभीमला सांगितलं, फवारणीचे कपडे विहिरीवर धुवायचे, पोरीच्या कपड्यांत आणायचे नाहीत. बलभीम तसा गरीब गडी. तो मुकाट्यानं विहिरीवर गेला. धुरपदाबाई मात्र पेटल्या.

"म्या नातीला इख घातलं व्हय? सात वर्सं माझ्या हातानं खाल्लं तिनं!"

"तुमी माया केली, आत्या. पिशवीला माया कळत न्हाय. उद्यापासून खरवड वाटीत द्या, गार करून."

त्या वाटी द्यायला तयार होईनात, कढईजवळही येईनात. ओट्यावर पाठ करून बसायच्या. वहिनी एकटी म्हशीच्या दुधाची भलीमोठी कढई ढवळायची. मला तिची दया यायची आणि रागही यायचा, कारण रोज मला उशीर व्हायचा.

खरी अडचण वैष्णवीनं केली. ती वाटीतली खरवड खात भट्टीजवळ बसली होती. वहिनी गरम खवा पिशवीत भरत होती, शेठसाठी. पोरगी म्हणाली, "आई, ही पिशवी वाईट हाय ना?"

"व्हय."

"मग ही कुणासाठी?"

"लोकांसाठी."

"त्यांच्या घरी पोरी न्हाईत का?"

मी गाडीचा हॉर्न वाजवला. वहिनीनं ती पिशवी उलटी केली, खवा मोठ्या परातीत पसरला आणि मला म्हणाली, "भाऊजी, आज थांबा. गार झाल्याशिवाय खवा मिळणार न्हाय."

मी वैतागलो. शेठ आमचं एकुलतं एक गिऱ्हाईक, आणि ही बाई त्याच्याशी वैर घ्यायला निघालेली. तिनं गार खवा धुतलेल्या पांढऱ्या फडक्यात बांधला, स्टीलच्या डब्यांत ठेवला आणि स्वतः माझ्या शेजारी गाडीत चढली.

येरमाळ्यात कृष्णराज शेठनं डब्यावर तळहात ठेवला आणि झटक्यात उचलला. "हा कालचा माल हाय."

"आजचाच हाय. गार केलाय."

"गार म्हणजे शिळा, वहिनी. गिऱ्हाईक हात लावून बघतं. त्यात तुमचा सुकलाय, दाणे पडलेत. उद्या गरम आणा पिशवीत, रोजच्यावानी घेतो."

"पिशवीत भरणार न्हाय."

"मग बाजारात माल कुणी घेणार न्हाय."

वहिनीनं डबा बंद केला. मी आयुष्यात इतका शांतपणे बंद झालेला डबा पाहिला नाही. त्या दिवशी आम्ही दुकानामागून दुकान फिरलो. प्रत्येकानं हात लावला आणि मान हलवली. मी म्हटलं, "आता परत जाऊ. एवढा हट्ट बरा न्हाय." ती म्हणाली, "तुमी गाडीत बसा, मी पुढची दुकानं चालत बघते."

शेवटी येडेश्वरीच्या देवळाच्या रस्त्याला पेढे करणारा म्हातारा गुंडाप्पा भेटला. त्यानं हात लावला नाही, चिमूट तोंडात टाकली. "मला गारच लागतो बाई. गरम खव्यात साखर घातली की पेढा ढिला पडतो. तुमचा गरम माल आणून मीच पाटावर पसरत बसायचो. रोज आणा. पण मला अर्धाच पुरतो."

अर्धाच. उरलेलं दूध त्यांना डेअरीला घालावं लागलं आणि भट्टी दुपारपर्यंत चालायची ती सकाळीच विझू लागली. बलभीम कुरकुरला. गावात रुद्रम्मा सोडली तर कुणीही फडकं धरलं नाही. बाकीच्यांचा खवा अजून गरमच पिशवीत जातो आणि तो नेणारा मीच आहे. शेठचा माणूस नवरात्रात मालाची टंचाई झाली तेव्हा भट्टीवर आला. वहिनी दूध आणायला गेली होती. धुरपदाबाई ओट्यावर होत्या. त्यानं पिशव्यांचा गठ्ठा पुढं केला. "आजी, सूनबाईला समजवा. सणापुरतं भरा."

मला वाटलं, आता म्हातारी सुनेवरचा सगळा राग काढणार. त्या उठल्या, कढईजवळ आल्या, कितीतरी दिवसांनी उलथनं हातात घेतलं. "गार व्हईस्तोवर बस. न्हाय तर वाट धर," म्हणाल्या. तो गेला. त्या दिवसापासून त्या पुन्हा भट्टीवर आहेत, पण सुनेशी कामापुरतंच बोलायच्या.

परवा महिन्याच्या इंजेक्शनसाठी लातूरला निघालो तेव्हा धुरपदाबाई न सांगता गाडीत येऊन बसल्या. डॉक्टरबाईंनी वैष्णवीला भिंतीशी उभं करून उंची मोजली. वाढ आवरली होती, वयाला शोभेल अशी. इंजेक्शनचा गुण, त्या म्हणाल्या. पोर दंड चोळत बाहेर पळाली आणि दवाखान्याच्या अंगणात दुसऱ्या एका पोरीबरोबर लंगडी घालू लागली.

आम्ही बाकावर बसलो होतो. धुरपदाबाई नातीकडं बघत होत्या. मग त्यांनी सुनेचा हात धरला.

"अयोध्ये, खरं सांग. माझ्या हातानं झालं का गं?"

मला वाटलं, ही आता नाही म्हणेल. मी असतो तर म्हटलं असतं, खोटं का होईना. वहिनीनं हात सोडवला नाही.

"ठाऊक न्हाय, आत्या. डॉक्टरबाईलाबी ठाऊक न्हाय. म्या जन्मभर इचार केला तरी कळायचं न्हाय. पर आपल्या भट्टीचा खवा नातीला घालणाऱ्या कुठल्या म्हातारीनं असं बाकावर बसून हे इचारायला नको."

धुरपदाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि मोकळ्या रडल्या. वहिनीही रडली तेव्हा. बाहेर वैष्णवी ओरडत होती, "पाय टेकला! तुझ्यावर राज्य!"