म्हशीच्या आडून भांडणारी आत्या

माझ्या आत्यानं आजवर जितकी म्हातारी माणसं जगवली तितकी एखाद्या दवाखान्यानंही जगवली नसतील, आणि हे सगळं तिनं केलं ते निव्वळ भांडून. धारूरच्या डोंगराखाली तिचं गाव आहे. त्या गावात सत्तरीच्या पुढचं जे कुणी आज चालतं-फिरतं आहे, त्याचा आत्यानं एकदा तरी भर रस्त्यात उद्धार केलेला आहे. मी केजला कापडाचं दुकान चालवतो. सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा जीपमध्ये कोंबून घेऊन तिच्याकडं जातो, आणि दर खेपेला त्या काटकुळ्या, बुटक्या, दात पडलेल्या बाईकडं बघून थक्क होऊन परत येतो.

भांडायला निघण्याची तिची तयारी बघण्यासारखी असते. आधी तांब्याभर पाणी गटागटा प्यायचं, मग अंबाडा घट्ट करायचा, मग पदर नीट डोक्यावर घ्यायचा. कुणाच्या दारात जाऊन 'हायस का घरात' असं ती कधी विचारत नाही. आरोप करतच आत शिरते. गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटीच राहायची. तिनं स्वयंपाक जवळजवळ सोडलाच होता. आत्या तिच्या दारात जाऊन म्हणाली, "तुला पिठलं कधी जमलंच न्हाई. तुझी सासू मरस्तोवर रडत हुती." ती म्हातारी इतकी पेटली की दुसऱ्या दिवशी लसणाची फोडणी घातलेलं घट्ट पिठलं घेऊन गावभर चाखवत फिरली आणि शेवटी आत्याच्या ओट्यावर बसून दोघींनी ते भाकरीबरोबर संपवलं. गावचे जुने पोलीस पाटील साखर वाढली म्हणून खाटेवरून उठायचे नाहीत. त्यांना आत्यानं सांगितलं की तुम्हाला गावातली सोयरीक आठवत नाही, अमक्याची बहीण तमक्या गावात दिली हे तुमचं साफ चूक आहे. पाटील साक्षीदार गोळा करत गावभर हिंडले, ते अजून हिंडतातच. साखर आटोक्यात आली. साक्षीदार अजून पुरे पडलेले नाहीत.

तिचं हे वेड कुठून आलं ते गाव बघितल्यावर कळतं. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरवर भांडीकुंडी, लेकरं, शेळ्या चढतात आणि अख्ख्या गल्ल्या कुलपं लावून कारखान्याकडं जातात. मागं राहतात ती म्हातारी माणसं. पोरं बिचारी पीठ-मीठ भरून जातात, गोळ्यांची पाकिटं उशाशी ठेवून जातात. कशाची म्हणून कमी नसते. पण एकट्या जिवासाठी चूल कोण पेटवणार? चहात बिस्कीट बुडवलं की जेवण झालं. आत्या म्हणते, "भूक काय पोटात ऱ्हाती व्हय रे? ती दारात बसल्याली असती. दारात कुणी आलं तरच आत येती."  

तिचं सगळ्यात मोठं भांडण झालं ते शेजारच्या म्हाताऱ्याशी. हा तिच्या वारलेल्या नवऱ्यापेक्षा वयानं मोठा, म्हणजे गावकीच्या नात्यानं थोरला दीर. थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, हा जुना रिवाज आत्या लग्न होऊन आल्यापासून पाळत आलेली. त्यामुळं त्याला काही सांगायचं झालं की ती आपल्या म्हशीला सांगायची आणि तो आपल्या कुत्र्याला उत्तर द्यायचा. त्या वर्षी पावसाळ्यात म्हाताऱ्याची बायको गेली. दिवाळीनंतर मुलगा आणि सून टोळीबरोबर निघून गेले, आणि म्हाताऱ्यानं भिंतीकडं तोंड करून अंथरूण धरलं. डबा दिला तर डबा तसाच. मुलाचा फोन आला की "बरं हाय" एवढंच म्हणून ठेवायचा. टोळी परत यायची ती उन्हाळ्याच्या तोंडाशी. तोवर हा टिकतो की नाही याची सगळ्यांनाच धास्ती वाटत होती.

मी आणि आत्या त्याला जीपमध्ये घालून धारूरला डॉक्टरकडं घेऊन गेलो. डॉक्टर भला माणूस. त्यानं सगळं तपासलं. बीपी ठीक, साखर ठीक, छाती साफ. टॉनिक लिहून देता देता त्यानं मान वर केली आणि विचारलं, "यांच्याशी दिवसभर बोलतं कोण?" मी आत्याकडं बघितलं.  परतीच्या वाटेवर ती एक शब्द बोलली नाही, तेव्हा मात्र मला तिचीच काळजी वाटायला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेणाचं घमेलं उचललं आणि म्हाताऱ्याच्या दर्शनी भिंतीवर गोवऱ्या थापायला सुरुवात केली. मुलानं दसऱ्याला चुना दिलेली ती पांढरीशुभ्र भिंत! मी मुक्कामाला होतो. मला घाम फुटला. आत्या थापत होती आणि मागं बांधलेल्या म्हशीला मोठ्यानं सांगत होती, "अगं म्हशी, ही भिंत बघ कशी रिकामी पडलीय. हितं काय माणूस ऱ्हातंय का? न्हाई ऱ्हात. मग आपुन कावून सोडायची?" आतून हूं की चूं नाही. रोज सकाळी नवी रांग लागायची. दुसरं कुणी असतं तर थकलं असतं. मला आपला फोनवर रोजचा अहवाल मिळायचा: "आज बी गप हाय मेला."

पुढच्या सोमवारी मी तिथंच होतो. दार करकरलं. चौकटीला धरून म्हातारा उभा राहिला, लटलट कापत होता. त्यानं ओट्याखाली झोपलेल्या कुत्र्यावर तोंड टाकलं, "मोत्या, भुंक की बे! पोरानं चुना दिल्याली भिंत. ही बाई शेणानं लिपाय लागली, अन् तू झोपा काढतूस?" आत्यानं वळूनही बघितलं नाही. म्हशीला म्हणाली, "ऐकलं का गं? कुत्र्यात जीव न्हाई त्यो न्हाई, मालकात बी न्हाई." आणि पदराखाली तिचे ओठ थरथरत होते. ती हसत होती की रडत होती ते मला अजून सांगता येणार नाही.

तिथून पुढं रोजचं युद्ध. म्हातारा खुरप्यानं गोवऱ्या खरवडून तिच्या दारात आणून टाकायचा. ती म्हशीला सांगायची की अर्ध्या गोवऱ्या मोडल्या, हातात जोर नसला की असंच होतं. मग मोत्याच्या नावानं ओट्यावर भाकरी आणि कालवण ठेवायची, वर सांगायची, "कुत्र्याला टाकलीय, दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाई." आता कालवणात शेंगदाण्याचा कूट आणि वर तेल सोडलेलं, असलं जेवण कुत्र्याला कोण घालतं! पण म्हाताऱ्याचा मान राहिला आणि पोटही भरलं. मोत्याला कडेचे तुकडे मिळायचे. थंडी सरता सरता म्हातारा ओट्यावर बसून आल्यागेल्याला भिंतीची कहाणी सांगायला लागला. एका शेणाच्या घमेल्यावर माणूस उठवणारी ही बाई माझ्या बापाची सख्खी बहीण आहे, हे मला त्या दिवसांत खरं वाटायचं नाही.

गुढीपाडव्याच्या सुमाराला टोळी आली. भिंतीची ती दशा बघून मुलगा भडकला, "काकू, हे काय करून ठिवलंय?" त्याचा बाप आतून गरजला, "तुला काय करायचंय? आमचं आमी बघून घिऊ!"  फोनवर "बरं हाय" यापलीकडं न बोलणारा बाप मुलावर ओरडत होता.

मुलाला बारामतीकडं एका गोठ्यावर बारमाही काम लागलं. आता बापाला एकटं ठेवायचं नाही, असं त्यानं ठरवलं. अगदी योग्य ठरवलं. निघायच्या दिवशी टेम्पोत पुढं म्हातारा बसला, पायाशी मोत्या. सगळे जमले होते. आत्या आता म्हशीला काय सांगते म्हणून आम्ही कान टवकारले. ती म्हशीकडं गेलीच नाही. पदर सावरून टेम्पोच्या खिडकीशी गेली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्याच्याशी थेट बोलली, "भाऊजी, तिकडं गप बसू नका."

म्हाताऱ्यानं मोत्याकडं नाही, तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "व्हय बाई."

त्यानंतरच्या एका सोमवारी मी गेलो तर दार नुसतं लोटलेलं होतं. भर दुपारी आत्या अंथरुणावर पडून होती. चुलीतली राख थंड होती. "बरं न्हाई का?" मी विचारलं. "बरं हाय," ती म्हणाली आणि कूस बदलली.  काय करावं सुचेना. शेवटी सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "आत्या, तू दिलेलं लोणचं अगदी भिकार होतं. माझी बायको तुझ्यापेक्षा शंभर पटीनं चांगलं घालते."

 ती हळूहळू उठून बसली. माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"म्या तुला लोणचं दिलंच न्हाई औंदा," ती म्हणाली. "अन् भांडताना खाली कावून बघतूस? समोरच्याच्या डोळ्यात बघावं. तुला भांडता येत न्हाई रं बाबा." मग कमरेवर हात ठेवून ती उठली. "जा, सरपण आण. चूल पेटविते."

आता मी सोमवारबरोबर गुरुवारीही जातो. जीपमध्ये बसल्या बसल्या भांडण जुळवत असतो. एकही धड जुळत नाही, आणि दर वेळी ती मला हरवते. हरून घरी परतताना मी फार सुखात असतो. पण अलीकडं तिचा आवाज जरा खाली आलाय, उत्तर द्यायलाही ती थोडा वेळ घेते. एखाद्या सोमवारी मी काहीतरी बिनबुडाचं बोलेन आणि ती माझ्याकडं बघून नुसतं म्हणेल, "व्हय बाबा, तुझंच खरं हाय." त्या दिवसाची मला फार भीती वाटते.