दगडाच्या नजरेत रंग नाही

माझी आत्या नोकरीतून निवृत्त झाली, पण तिचा आवाज काही निवृत्त झाला नाही. उभं आयुष्य तिने बसमध्ये कंडक्टरकी केली आणि आता ती जंगलातल्या पायवाटेवर पिवळे पट्टे मारते. ओढ्यावरच्या फळीवर ट्रेकर मंडळी घुटमळली की मागून तीच खणखणीत हाक येते, "चला, पुढे सरका! पुढे जागा आहे!" महागडे बूट घातलेली, पाठीवर घराएवढ्या पिशव्या घेतलेली माणसं दचकून खरंच पुढे सरकतात. एकाने तर खिशात पास शोधायला सुरुवात केली होती. आत्या म्हणते, हे मी वाढवून सांगते. थोडंसं वाढवते.

ही वाट जुन्या गिरणीपासून निघते. गिरणीच्या भिंतीला युद्धातल्या गोळ्यांची भोकं आहेत, त्यांत आता चिमण्या संसार करतात. मग दाट झाडी लागते आणि झाडीत खंदक. खंदक म्हणजे आता नुसते पानांनी भरलेले लांबट खड्डे. कोणी अवाढव्य माणूस तिथे झोपून, अंथरूण न आवरताच निघून गेल्यासारखे. त्यापुढे एक मोकळी जागा येते. मधोमध उभा दगड आणि त्यावर, त्या झाडीत लपून लढलेल्या आणि तिथेच मारल्या गेलेल्यांची नावं. त्यातलं एक नाव आमच्या घरातलं आहे. आजोबांच्या थोरल्या भावाचं.

पट्टा मारायची आत्याची एक रीत आहे. आधी तारेच्या ब्रशने खोडावरचं शेवाळ खरवडायचं, मग फडक्याने पुसायचं, मग एकाच फटकाऱ्यात रंग. कुठे मारायचा ते झाड ठरवत नाही, पोट ठरवतं. "चालता चालता पोटात 'चुकलो की काय' असं होतं ना, त्याच्या जरा आधी मारायचा." शेवटच्या टोकाला पोचली की ती सगळी वाट उलटी चालते आणि उलट्या दिशेने येणाऱ्यांसाठी झाडांच्या दुसऱ्या बाजूला पट्टे मारते. एवढी दुप्पट मेहनत कशाला, असं मी एकदा विचारलं तर म्हणाली, "का? येणाऱ्यांनी काय घोडं मारलंय?"

फक्त एका जागी ती रंगाचा डबा उघडत नाही. दगडाच्या नजरेत रंग नाही, म्हणजे दगडापासून दिसेल अशा एकाही झाडावर पट्टा नाही. हा नियम आजोबांचा. आत्याच्या आधी वाट तेच सांभाळायचे. भाऊ रानात लपला होता तेव्हा आजोबा लहान होते आणि त्याला जेवणाचा डबा पोचवायचे. वाट चुकायचे, रडायचे. म्हणून भावाने त्यांच्यासाठी झाडांच्या साली जराजरा खरवडून ठेवल्या. एका सकाळी त्याच खुणा बघत बघत शिपाई आले. आत्याने मला हे एकदाच सांगितलं, ब्रश धुता धुता, आणि वर म्हणाली, "आता यावर नक्कल नको हं, पोपट." घरात मला पोपट म्हणतात. यावर मी कशाला नक्कल करीन?

पण या नियमामुळे एक घोटाळा व्हायचा. लोक दगडापाशी यायचे, गावच्या स्मारक मंडळाने ठेवलेल्या बाकावर बसायचे, नावं वाचायचे, गप्प व्हायचे आणि उठून चुकीच्या वाटेला लागायचे. खरी वाट बाकाच्या मागे झुडपांच्या फटीतून जाते. समोर मात्र, दगडाच्या पलीकडे, गाडीवाट अगदी ऐसपैस पसरलेली. ती थेट मधवाल्यांच्या अंगणात उतरते.

मधवाले म्हणजे मधमाश्या पाळणारे गृहस्थ. इतके हळू बोलतात की त्यांचं वाक्य संपेपर्यंत चहा गार होतो. मार्च महिन्यात एका संध्याकाळी ते आमच्या घरी आले, खुर्चीवर बसले आणि खिशातून एक भलंमोठं कुलूप काढून टेबलावर ठेवलं.

"कंडक्टरबाई," ते म्हणाले, "रविवारी पाचसहा जण आले. एक जण माझ्या मधपेटीला टेकला. फोटो काढायला. पेटी पडली. असं आहे बघा."

"अगंबाई! चावल्या का?"

"त्याला चावल्या, त्याचं मला काही नाही. कुत्र्याला चावल्या. कुत्र्याने काय केलं होतं?"

कुत्र्याच्या वतीने आत्या हळहळली.

"महिनाअखेर फाटकाला कुलूप. येणं बंद, जाणं बंद. असं आहे बघा."

आत्याने आजोबांकडे पाहिलं. आजोबांच्या गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिलाय. पायवाटेने जाणं आता त्यांच्या नशिबात नाही. चाकाच्या खुर्चीतून, मधवाल्यांच्या फाटकातून, गाडीवाटेने दगडापर्यंत जायचं एवढंच उरलंय. भाऊ गेला तो दिवस एप्रिलात येतो आणि तो त्यांनी आजवर चुकवलेला नाही. फाटक बंद म्हणजे दगड बंद.

"उपाय अगदी सोपा आहे," मधवाले म्हणाले. "त्या मोकळ्या जागेत एक पट्टा मारा. दोन बोटांएवढा. लोक बरोबर वाटेला लागतील, मी कुलूप परत नेतो."

आजोबांना नाही म्हणायचं असलं की आधी घसा खाकरतात. अख्खं घर ओळखतं तो आवाज.

"हं... नाही."

"आजोबा, तुमच्याचसाठी सांगतोय."

"हं... नाही. कुलूप लावा."

"बाबा, अहो मग तुम्ही जाणार कसे?" आत्या म्हणाली.

"नाही जाणार," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

मधवाल्यांना वाटलं होतं, म्हातारा नरमेल. स्वतःच आणलेल्या कुलपाकडे ते असे बघत बसले, जणू ते दुसऱ्याच कोणी तिथे ठेवलंय. जाताना मात्र ते खिशात घालायला विसरले नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आत्याने कंबर कसली. आधी गाडीवाटेच्या तोंडावर फांद्या आडव्या टाकल्या. लोकांनी त्या ओलांडल्या. एका सभ्य बाईंनी तर त्या उचलून नीट कडेला रचल्या, मागून येणाऱ्यांची सोय म्हणून. मग आत्याने पाटी लावली, 'खाजगी रस्ता'. त्यानंतर, एरवी बरोबर वाटेने गेले असते असे लोकसुद्धा, खाजगी म्हणजे काय आहे बुवा, हे बघायला तिकडे वळले. मधवाल्यांचा फोन आला. "कंडक्टरबाई, आज जास्त आले." पाटी उतरली.

मग एका रविवारी आत्या मला घेऊन त्या मोकळ्या जागेच्या कडेला सतरंजी टाकून बसली. रंगाचा डबा घरी. "आज काही करायचं नाही," ती म्हणाली, "नुसते पॅसेंजर बघायचे."

आम्ही पॅसेंजर बघितले. एक जोडपं आलं, बसलं, उठलं, सरळ गाडीवाटेला. आत्याने उठून त्यांना परत आणलं. तिघी मैत्रिणी आल्या, बसल्या, उठल्या, सरळ गाडीवाटेला. परत आणल्या. एक काका हातात नकाशा उघडा धरून बसले होते. नकाशावर बोट ठेवून उठले आणि बोट एकीकडे, पाय गाडीवाटेला. मी त्यांची चाल करून दाखवली, तर आत्या एकदम म्हणाली, "थांब. परत कर."

मी बाकावर बसले, नावं वाचल्यासारखं केलं, उसासा टाकला, उठले आणि चालायला लागले.

"मागे का नाही वळलीस?"

"मागे कशाला वळू? समोर रस्ता दिसतोय की."

आत्याने कपाळावर हात मारला. "मी आयुष्यभर ओरडले, पुढच्या दाराने उतरा, पुढच्या दाराने उतरा. ऐकलं कोणी? ज्याचं तोंड ज्या दाराकडे, तो त्याच दाराने उतरतो! अगं, लोक चुकत नाहीयेत. बाक चुकलाय!"

बाक मंडळाचा. तिने मंडळाच्या चिटणीसांना फोन लावला. ते म्हणाले, बाक हलवायचा तर ठराव करावा लागेल, बैठक मे महिन्यात आहे. "हरकत नाही," आत्या गोड आवाजात म्हणाली, "ठराव येईपर्यंत बाक पलीकडे बसून त्याची वाट बघेल." आणि फोन ठेवला.

बाक होता जाडजूड लाकडाचा. एका टोकाला मधवाले, दुसऱ्या टोकाला आत्या, मध्ये मी. कुत्रा देखरेखीला. मधवाले दर चार पावलांना बाक खाली ठेवून एक वाक्य बोलायचे.

"हे काही चालणार नाही, कंडक्टरबाई."

चार पावलं.

"माणसाला सांगितल्याशिवाय कळत नाही."

चार पावलं.

"असं आहे बघा."

"मधवाले, बोला कमी, उचला जास्त!" आत्या ओरडली. दगडाला वळसा घालून बाक आम्ही गाडीवाटेच्या तोंडाशी नेला, तिच्याकडे पाठ करून ठेवला. मी बसून बघितलं. समोर दगडाची पाठ आणि त्याच्या बाजूने पलीकडे झुडपांतली ती फट, उन्हाने अगदी उजळलेली. इतकी वर्षं ती आमच्या पाठीमागे होती.

एवढ्यात एक बाप आणि त्याची मुलगी आली. आम्ही तिघं झुडपामागे चोरासारखे दडून बसलो. दोघं दगडाजवळ जाऊन नावं वाचून आले, बाकावर बसले, पाणी प्यायले. उठले. बापलेक सरळ फटीतून निघून गेले, मागे वळूनसुद्धा न बघता.

"टिंग टिंग," आत्या हळूच म्हणाली.

मधवाल्यांनी झुडपातून बाहेर येऊन कपडे झटकले. मग म्हणाले, "एवढं सोपं होतं, तर मी कुलूप विकत कशाला आणलं?"

महिनाअखेर झाली. फाटक उघडंच राहिलं. कुलूप त्यांनी खुंटीला अडकवून ठेवलंय, येताजाता दिसेल असं.

आजोबांचा तो दिवस आला. आम्ही त्यांना गाडीवाटेने नेलं. खड्डा आला की खुर्ची मी ढकलायची आणि आत्याने पुढून ओढायची. बाक हलवल्याचं आत्याने त्यांना सांगितलं नव्हतं. वाट संपली तिथेच बाक होता. आजोबांनी हाताने खूण करून खुर्ची थांबवली. त्यांना हात देऊन बाकावर बसवलं.

नावं दगडाच्या दर्शनी बाजूला आहेत. या बाकावरून नुसती त्याची पाठ दिसते. हे आत्याच्या आधीच लक्षात आलं होतं आणि सकाळपासून ती आजोबांची नजर चुकवत होती. आजोबा दगडाकडे बघत राहिले. मग दगडाच्या पलीकडे.

"हं..." त्यांनी घसा खाकरला.

आत्याने डोळे मिटले. मी मनातल्या मनात पुढचा शब्द म्हणूनही टाकला.

"मी तिकडून यायचो," आजोबा म्हणाले. "त्या फटीतून. डबा घेऊन."

आत्याने डोळे उघडले.

"तो इथेच कुठेतरी बसलेला असायचा. माझ्या आधी त्याला मी दिसायचो. म्हणायचा, पोचलास, आता डोळे पूस." आजोबांनी बाकावर हात फिरवला. "त्याला मी असा दिसत असेन. इथून."

फटीतलं ऊन हललं. तिकडून कोणी आलं नाही, इकडून कोणी गेलं नाही. एकाही झाडावर पट्टा नव्हता आणि वाट अगदी स्पष्ट दिसत होती.

"बाक इथेच असू दे," आजोबा म्हणाले.

आत्याने पदराने नाक पुसलं आणि मग तिचा नेहमीचा आवाज आला, फक्त बराच खालच्या पट्टीत.

"बाबा, सरका जरा. जागा आहे."

आजोबा सरकले.