वीतभर जागा

लातूरहून निलंग्याला शाळेवर जाताना ती मला रोज बसमध्ये भेटते. औशाला चढते आणि माझ्याच शेजारी बसते. काळा बुरखा, मांडीवर शिवणाची पिशवी. चेहरा उघडा असतो. धुळीपायी कपाळासकट तोंड गच्च बांधलेलं असतं ते माझंच, स्कार्फनं. नाव ना तिनं कधी विचारलं, ना मी.

त्या दिवशी सकाळपासून मोबाईलवर दंग्याच्या बातम्या फिरत होत्या. एका फाट्यावर पंधरा-वीस जणांनी बस अडवली. दोघं वर चढले आणि एकेक सीट न्याहाळत पुढं यायला लागले.

"बेटा, स्कार्फ सोड," ती हळूच म्हणाली. "तुझं कपाळ दिसू दे त्यांना."

"आणि तुम्ही?"

"चाळीस वर्सं ह्यो बुरखा अंगावर हाय. आज भिऊन काढला, तर उद्या कुठल्या तोंडानं घालू?"

मी गाठ सोडली. माझी टिकली बघून ते तिच्याकडं वळले आणि तिथंच थांबले. ती समोर बघत राहिली. पिशवीवरची बोटं तेवढी पांढरी पडली होती.

"गाडीला उशीर व्हायलाय, उतरा की खाली!" कंडक्टर ओरडला. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग ते उतरले.

बस निघाल्यावर मला दिसलं, आमच्या दोघींच्या मधे वीतभर जागा पडली होती. मी कधी सरकले, माझं मलाच कळलं नव्हतं. तिला कळलं होतं.

"असू दे," ती म्हणाली. "भ्यालं की माणूस सरकतंय."