गुरुवारच्या क्लबाची रविवारची मॅच

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची, त्यामुळे आमचा फुटबॉल क्लबही गुरुवारचाच. मी त्याचा गोलकीपर होतो. प्रेस शॉपमध्ये काम करायचो आणि कंपनीचेच हातमोजे घालून बॉल अडवायचो. गुडघे कुरकुरायला लागले तेव्हा सगळ्यांनी मिळून चेअरमनपदाची माळ माझ्या गळ्यात घातली. गोलकीपरला खेळ सोडायला लावायची ती सभ्य रीत असते, हे मला फार उशिरा कळलं.

चेअरमन झालो तरी उभा राहायचो गोलच्या मागेच. गोल झाला रे झाला की आमच्या नव्या गोलकीपरचा उद्धार करायचो. तो लातूरकडचा, चाकणच्या एका कारखान्यात वेल्डर, अजून कंत्राटावर. बिचारा मान खाली घालून ऐकून घ्यायचा.

मग मला हुक्की आली आणि मी क्लबला शहराच्या लीगमध्ये उतरवलं. तिथल्या मॅचेस रविवारी असतात, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. उभा जन्म रविवारी कामाला गेलेल्या माणसाला तो सुट्टीचा वार आहे हे आठवणार तरी कसं? शिफ्ट बदलून घेता घेता सगळ्यांच्या नाकी नऊ आले. तरी कसेबसे शेवटच्या मॅचपर्यंत पोचलो. बरोबरी झाली तरी लीगमध्ये टिकणार होतो. हरलो तर बाहेर.

त्या दिवशी सकाळीच गोलकीपरचा फोन आला. "काका, बदली माणूस आलाच नाही बघा. सुपरवायझर सोडंना. तसाच निघून येऊ का?"

कंत्राटी माणसानं लाइन सोडली, तर दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवतात. "वेडा आहेस का?" मी म्हणालो. "शिफ्ट पूर्ण कर आणि ये. तोवर मी सांभाळतो. तू आलास की गोल तुझा."

आमचा कोच म्हणजे माझ्या काळातला डिफेंडर, काळेवाडीत त्याचं गॅरेज आहे. जर्सीत पोट कोंबताना मला बघून म्हणाला, "गंज चढलाय राव, पण दरवाजा तोच हाय. राहा उभा."

खरं सांगतो, मला फार आनंद झाला. आकुर्डीच्या त्या मैदानावर दोन खांबांच्या मधे उभा राहिलो आणि बऱ्याच वर्षांनी आपल्या घरी आल्यासारखं वाटलं. उडी जमत नव्हती. पण बॉल कुठून येणार ते अजून कळत होतं, म्हणून मी आधीच तिथं जाऊन थांबायचो. एकही गोल होऊ दिला नाही. आमच्याकडूनही गोल झाला नव्हता, त्यामुळे मॅच बरोबरीत होती.

मॅच संपत आली तेव्हा तो दिसला. अंगात कंपनीचीच पँट, खांद्याला डब्याची पिशवी. मोशीच्या ट्रॅफिकमधून धडपडत आला होता आणि लाइनीबाहेर बसून बूट बांधत होता. त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी न पाहिल्यासारखं केलं असतं तर खपून गेलं असतं. तोही हाक मारत नव्हता, नुसता बघत होता. लीगची हौस माझी, पण वर्षभर ओव्हरटाइम बुडवून ती निभावली होती त्यानं. मनात आलं, थोडा वेळ तर उरलाय, कशाला उगाच? आणि मग शब्द दिला होता म्हणून हात वर करून बदली मागितली. घामानं भिजलेले हातमोजे त्याला दिले आणि नेहमीसारखा गोलच्या मागे जाऊन उभा राहिलो.

अंग गरम व्हायलाही त्याला वेळ मिळाला नाही. कॉर्नरवरून आलेला पहिलाच बॉल त्याच्या हातातून निसटला आणि आत गेला. पाठोपाठ शिट्टी झाली. आम्ही लीगमधून बाहेर पडलो.

तो माझ्याकडे वळला. आता शिव्या पडणार म्हणून मान आधीच खाली गेली होती. कोचही माझ्याच तोंडाकडे बघत होता.

"माझ्याही हातून गेला असता," मी म्हणालो. "चल, चहा घेऊ."

त्यानं सावकाश हातमोजे काढले. "खरंच गेला असता, काका?"

"खरंच."

नसता गेला. तो बॉल मी डोळे मिटूनही धरला असता. पण आता मी चेअरमन होतो.