उघड्या डोक्यानं मारवाडात

बायको गेली त्याला दहा महिने झाले होते. तेव्हापासून मी टोपी घातली नव्हती. आमच्यात कुणाचं असं झालं की बायकोच्या माहेरचे घरी येतात, नवऱ्याच्या डोक्यावर टोपी ठेवतात, मग दुखवटा उठतो. हिच्या माहेरी कोणी उरलं नव्हतं. पोरगा म्हणाला, मी आणतो टोपी. मी म्हटलं, तू काय तिचा भाऊ आहेस?

भाऊ एकच, तोही मानलेला. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडे विकायला येणारा मारवाडी. आमच्या शेताला लागून त्याचा तळ पडायचा. ही त्याला रोज ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि लाल मिरचीची चटणी पोचवायची. तो निघाला की भर थंडीत राखी बांधायची. मी हसलो की म्हणायची, "तो मन्हा भाऊ शे. तुमनं काय जाई ऱ्हायनं?"

यंदा तो यात्रेला आलाच नाही. फोनही लागेना. त्याच्या गावाचं नाव हिला पाठ, म्हणून मलाही. मी मोटारसायकल काढली. पोरगा रागावला, रेल्वेनं जा म्हणाला. रेल्वेत चार माणसं विचारतात, बाबा, कुठं चालले, कशाला चालले. ते मला नको होतं.

सीमेवरचं खापर गाव सुटलं, गुजरात लागला. तिसऱ्या दिवशी अरवलीचे डोंगर. घाटात गाडी तापली. ढकलली, शिव्या दिल्या. ऐकायला कोणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडूनही घेतलं. बरं वाटलं. पलीकडे नुसती वाळू, शेळ्या आणि सरळ रस्ता. एवढं मोकळं मी जन्मात पाहिलं नव्हतं. हिला आवडलं असतं असं खोटं म्हणणार नाही. तिला पायाला वाळू लागलेली खपत नसे.

तो अंगणात खाटेवर पडून होता. कंबर मोडली होती, म्हणून आला नव्हता. मला टोपीशिवाय त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. डोकं बघूनच समजला आणि रडला. मी सांगितलं, टोपी घालून घ्यायला आलोय. तो आपल्याच दाराकडे बघू लागला. तेव्हा माझी चूक माझ्या ध्यानात आली. दुखवटा काढायला माहेरचे आपल्या दारी येतात, आपण त्यांच्या दारी मागायला जात नाही. एवढा रस्ता तुडवून मी उलटंच करून बसलो होतो.

त्यानं काठी मागितली. मोडक्या मराठीत म्हणाला, "जीजा, कुंपणाच्या बाहेर जा. गाडीवर बस. आज तेच तुझं घर."

मी जाऊन बसलो. काठी आणि सुनेचा खांदा धरून तो वीस पावलं चालत माझ्या घरी आला. लाल-पिवळी पगडी बांधली, वेढ्यावर वेढा. टोक खोचताना विचारलं, "चटणी आणली का?"

आणली होती. मीच वाटलेली. त्यानं चाखली, तोंड वाकडं केलं. "मीठ जास्त. बहिणीच्या हातची नाही," म्हणाला, आणि अजून घेतली.

परतताना हेल्मेटखाली पगडी मावेना. सोडून पोटाला गुंडाळली. प्रकाशा गावी, जिथं हिच्या अस्थी सोडल्या, तिथं तापीच्या काठी बसून डोक्याला बांधायला लागलो. तीनदा सुटली. चौथ्यांदा बसली, पण वाकडी. तशीच घालून घरी गेलो.