म्हशीमार्फत निरोप

आमच्या शेजारच्या दोन जावा शेताची वाटणी झाल्यापासून एकमेकींशी बोलत नाहीत. बोलतात त्या आपापल्या जनावरांशी, पण कुडापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात.

काल थोरली म्हशीला म्हणाली, "ऐकलंस का गं, आमच्या सुमीला बघायला रविवारी पाहुणे येतायत. पोर हटून बसलीय, साडी नेसवायला काकूच पाहिजे."

पलीकडे धाकटीने शेळीला थोपटले. "सांग त्यांना, आईनं नेसवली तर पाहुण्यांसमोरच निऱ्या सुटतील."

गावात तंटे मिटवायला समिती आहे. तिच्या बैठकीत हार, नारळ आणि भाषणे होतात, आणि तंटे जागच्या जागी राहतात.

मग थोरली कुडाकडे वळून म्हणाली, "सकाळी लवकर ये."

म्हशीला हाक मारायची ती विसरली होती.