मांडून ठेवलेलं ताट

आमच्याकडे आधी पुरुष जेवायचे. हे उठले की ह्यांच्याच ताटात मी जेवायची. बांगड्याच्या पोटात गाबोळी, म्हणजे अंडी, निघाली, तर ती ह्यांनी भाताच्या ढिगाखाली माझ्यासाठी लपवलेली असायची. सासूबाईंना ते दिसायचं, पण त्या न दिसल्यासारखं करायच्या. एवढंच काय ते आमचं प्रेम, आणि मला ते पुष्कळ होतं.

हे शाळेत मास्तर. मुलांवर कधी हात उगारायचे नाहीत, म्हणून गावात चेष्टाही व्हायची. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता, त्या वर्षांतली गोष्ट. आंबे काढायला गडी आला नाही, म्हणून हे स्वतःच कलमावर चढले आणि खालच्या गडग्यावर, चिऱ्यांच्या कुंपणावर, डोक्यावरच पडले. मालवणच्या दवाखान्यात आठ दिवस शुद्ध नव्हती. मग घरी आले ते स्वतःच्या पायांनी. देव पावला म्हणून मी साखर वाटली.

महिनाभरात साखर कडू झाली. हे आईला शिव्या द्यायला लागले. शेजारची म्हातारी गेली, तर मयताच्या घरात खदखदून हसले. भात ऊन आहे म्हणून ताट माझ्या अंगावर फेकलं. डॉक्टर म्हणाले होते, "मेंदूला मार बसलाय. माणूस तोच, स्वभाव मात्र बदलेल." मला ते पटेना. स्वभाव गेल्यावर माणूस तोच कसा?

सासूबाई म्हणाल्या, "ह्यो माझो झील न्हय. आत दुसरो कोणतरी आसा." आम्ही देवळात कौल लावला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "आंगात दुसरो कोण आसलो, तर उजवो कौल दी म्हाराजा!" देवाच्या अंगावर लावलेली पाकळी उजवीकडून पडली. खरं सांगते, मला आनंद झाला. माझा नवरा वाईट नव्हता, तो फक्त घरी नव्हता.

त्या दिवसापासून ह्यांचं ताट रोज घासून, पाटासमोर रिकामं मांडून ठेवायचं मी ठरवलं. घरात फिरणाऱ्या त्या माणसाला वेगळं, केळीच्या पानावर वाढायची. ज्यांचं नाव कधी घेतलं नाही, त्यांना तोंडावर म्हणायची, "आमच्या माणसाक सोड आणि खंय जातलंस थंय जा!" नजर काढली, मिरच्या जाळल्या, धुरी दिली. ते खोकत बसायचे. एकदा ताट फेकलं होतं, पण माझ्यावर हात कधी उगारला नाही, हे तेव्हा माझ्या ध्यानातच आलं नाही. रागाच्या भरात माणूस आंधळा होतो, आणि मी तर वर्षभर आंधळी होते.

एका दुपारी बांगडे केले होते. सासूबाई जरा आडव्या झाल्या होत्या. पानावर वाढून मी पाणी आणायला आत गेले. परत आले तर हे पानावरून उठून त्या रिकाम्या ताटापाशी उकिडवे बसलेले. त्यांनी आपल्या पानातली गाबोळी उचलून ताटात ठेवली आणि त्यावर थोडा भात लोटला.

मी दारातच थांबले.

"त्याका ठेवलंय," ते म्हणाले. "तो इलो काय माका सांग गो. मी जातंय."

तांब्या हातातून पडला. मी त्यांच्यापुढे बसले, ताट त्यांच्याकडे सरकवलं. "तुमीच ते. दुसरो कोण नाय हो. माझा चुकला." त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, मास्तर चुकलेल्या मुलाकडे बघतात तसं, आणि नाही म्हणून मान हलवली. वर्षभर मीच त्यांना पढवलं होतं. ते आता खोडता येईना.

पुढे अकरा वर्षं ते जगले. राग होता, शिव्या होत्या, मी सगळं सोसलं. पान बंद केलं, पण त्या ताटात ते कधीच जेवले नाहीत, दुसरं द्यावं लागलं. जेवून उठताना, तो आला का म्हणून दाराकडे बघायचे आणि विचारायचे, "इलो काय गो?"